पायरीवरचं जेवण

कॅम्पातल्या चर्चमागं त्यांचं चार टेबलांचं हॉटेल होतं. सगळे त्यांना नुसतं मालक म्हणायचे. बोटीवर आचारी असताना जमैकात शिकलेलं मिरी-मिरचीचं चिकन आणि नारळाच्या दुधातला राजमा-भात ते दर रविवारी करायचे. गिऱ्हाइकानं पहिला घास घेतला की मान वाकडी करून विचारायचे, "लई तिखट न्हाय न्हवं?" उत्तराला मात्र थांबायचे नाहीत.

मला नोकरी लागली तेव्हा मी वडिलांना, आप्पांना, निपाणीहून आणून तिथं जेवायला नेलं. आप्पांनी जन्मभर गावात मजुरी केलेली. तिथल्या हॉटेलात आम्हा लोकांना बाहेरच बसवायचे. त्या सवयीनं ते सरळ पायरीवर बसले. मी ओशाळून आत बोलावत राहिलो, पण ते हलेनात.

मालक आतली गिऱ्हाइकं तशीच सोडून दोन ताटल्या घेऊन बाहेर आले. एक आप्पांना दिली, शेजारी टेकले आणि दुसरीत स्वतः जेवू लागले.

"कुठलं म्हणायचं हे जेवण?" आप्पांनी विचारलं.

"जमैकाचं, अण्णा. तिथं ऊस तोडणारी माणसं खात्यात."

आप्पांनी ताटली पुसून खाल्ली. मग उठले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "चल आत. अजून भात घेऊ."