गाळलेला रकाना

"सात रोटी. साथ में सूखी मच्छी. वो भी सीढ़ियों पे बैठके!"

ताईनं वही हिंदीत वाचून दाखवली आणि मीटिंग रूममधले सगळे हसले. तिनं नाव घेतलं नव्हतं. पण मराठीत लिहिलेली वही तिथं एकच होती. मराठी येणाऱ्याही आम्ही दोघीच, ती आणि मी. मग कोणाची वही, हे काय झाकून राहतंय?

ताई म्हणजे वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठी आमच्या कंपनीनं नेमलेली आहारतज्ज्ञ. परराज्यात, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात दर शुक्रवारी वजनकाटा, मग वह्यांची तपासणी. वहीत दोन रकाने. काय खाल्लं, आणि तेव्हा मन कसं होतं. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन ती म्हणाली होती, "तू मराठीत लिही गं. इथं कोणाला वाचता येणार नाही. तुझं माझ्यापाशीच राहील." ती पुण्याची, मी नागपूरच्या वस्तीतली. दिवसभर हिंदी-इंग्रजीत कामं उरकणाऱ्या बाईला कोणी 'गं' म्हटलं की ती विरघळते. मीही विरघळले. मूर्खच होते.

बाबा गेले आणि दहाव्या दिवशी मी कामावर आले. तेव्हापासून आंघोळसुद्धा जड व्हायची. भूक नसताना खायचे. जिन्यात बसून खायचे, कारण जागेवर डबा उघडला की सुकटीच्या वासानं शेजारचे नाक मुरडायचे. हे सगळं लिहिलं. एकही पोळी लपवली नाही.

हसणं ओसरल्यावर ताई माझ्याकडे वाकली. हळूच, मराठीत: "तुमच्याकडे असंच खातात का गं सगळे?"

'तुमच्याकडे' म्हणजे नागपूर नव्हे. ती माझी जात विचारत होती. हा सूर मी शाळेपासून ओळखते.

मी उठले. तिच्या हातातून वही घेतली आणि म्हणाले, "दूसरा कॉलम आपने पढ़ा नहीं."

मग तो मीच वाचला. सगळ्यांना कळेल अशा हिंदीत. "सुबह से रोना आ रहा है. खाती हूँ तो थोड़ी देर बाबा की याद नहीं आती. जीने का मन नहीं है."

तीन आठवडे हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. प्रत्येक पानाखाली तिची सही. माझ्या पोळ्या तिनं मोजल्या. हे मात्र गाळलं. परक्यानं केलं असतं तर चिडले असते. हिनं केलं, म्हणून आतून तुटले.

ताई कसंनुसं हसली. "अगं, गंमत केली. पुढच्या वेळी दोनच पोळ्या लिही, म्हणजे कोणी काही बोलणार नाही."

दोनच पोळ्या खा नव्हे. लिही!

लिफ्टपाशी गटातली एक कन्नड मुलगी मागून आली. डोळे खाली. "अक्का, मेरी डायरी पूरी झूठ है. सबकी झूठ है."

म्हणजे दोन इडल्या आणि काकडी लिहिणारे सगळे शहाणे. खरं लिहिणारी मी तेवढी खादाड.

दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमला मनाच्या डॉक्टरांकडे गेले. वही त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरबाईंनी आधी मनाचा रकाना वाचला, सगळा, पान न पान. पोळ्यांबद्दल एक शब्द नाही. नैराश्य आहे म्हणाल्या. गोळ्या चालू आहेत. सांगायला मला लाज वाटत नाही.

सोमवारी कंपनीत लेखी तक्रार दिली. ताईचा फोन आला. "आपण मराठी माणसं गं, आपसात मिटवू ना." मी हिंदीत उत्तर दिलं. माझी मराठी आता तिच्यासाठी नाही. मग दोन साहेब जागेवर येऊन गेले. तक्रार राहू दे, पण खालचं तुझं नाव काढून टाक, तुझ्याच भल्याचं आहे, म्हणाले.

तक्रारीखाली माझं पूर्ण नाव आहे. आडनावासकट. ते मी काढणार नाही.