गॅरेज नंबर अकरामधलं विमान

रविवार, १४ जानेवारी १९९६. भोगी.
स्थळ: मयूर विहार, आमच्या सोसायटीतलं गॅरेज नंबर अकरा.
हजर: मी, सासूबाई, सोसायटीचे अध्यक्ष, सोसायटीचे सेक्रेटरी.
गैरहजर: माझा नवरा, पानिपतला गेल्यामुळे.
विषय: विमान.

त्या दिवसाच्या पानावर माझ्या वहीत सुरुवातीला एवढंच आहे. खालचं सगळं खोडाखोडीने भरलंय, आणि माझ्या वह्यांत खोडाखोड सहसा नसते.

नवऱ्याची गैरहजेरी मी ठरवून साधली होती. दर चौदा जानेवारीला दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाते. पहाटे निघायचं, स्मारकाला फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, उन्हात बसून डबे खायचे, संध्याकाळी परत. नवरा एकही वर्ष चुकवत नसे. म्हणून कमिटीने पाहणीसाठी कोणता रविवार सोयीचा ते विचारलं, तेव्हा मी चौदा तारीख कळवली. सोसायटीने तोवर पाठवलेली तिन्ही पत्रं त्याच्या नावाने आली होती. ‘आपण आपल्या गॅरेजमध्ये विमान तयार करीत आहात असे समजते.’ तो काहीही तयार करत नव्हता. बल्ब बदलायचा तर त्याला खाली स्टूल धरायला कोणीतरी लागतं. विमान मी तयार करत होते. तो घरी नसला की त्यांना माझ्याशी बोलावं लागणार होतं.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि केंद्र सरकारच्या एका ड्रॉइंग ऑफिसात होते. बावीस वर्षं मी पूल, मोऱ्या आणि पाण्याच्या टाक्या कागदावर काढल्या. बांधल्या दुसऱ्यांनी, फिती कापल्या तिसऱ्यांनी. आता मला एक अशी वस्तू करायची होती जिचं ड्रॉइंग दुसऱ्याचं असेल आणि हात माझे. एका माणसापुरतं लाकडी विमान. सुट्या भागांचा संच अमेरिकेहून मागवायचा आणि घरी जोडायचा. पाच-सहा वर्षांपूर्वी असं काही मनात आणलं असतं तर परवान्याचे अर्ज भरता भरता मी रिटायर झाले असते. आता मागवता येत होतं, तर मी मागवलं. दिवाळीनंतर पहिली पेटी आली. तिच्यात पंखांच्या बरगड्यांसाठी बारीक लाकडी पट्ट्या, सांध्यांवर लावायचे प्लायचे त्रिकोण, दोन डब्यांत येणारा आणि आयत्या वेळी एकत्र कालवायचा गोंद, आणि सूचनांची पुस्तिका.

मारुती बाहेर कडुनिंबाखाली गेली. गॅरेजमध्ये बारा फुटांचं टेबल आलं. दार मी आधीच मोजलं होतं, तीनदा. विमान बाहेर कसं काढणार, हा प्रश्न आजवर भेटलेल्या प्रत्येकाने विचारला आहे, म्हणून सांगून टाकते. पंख सुटे निघतात.

त्या दिवसांत आमच्या सोसायटीत, ज्यात गाडी ठेवली आहे असं गॅरेज शोधावं लागे. चार नंबरमध्ये एसटीडी बूथ होता, पाचमध्ये कॉम्प्युटर क्लास, सातमध्ये केबलवाल्याची यंत्रं, नऊमध्ये बुटीक. नवा जमाना आला होता आणि आमच्याकडे तो आधी गॅरेजांत उतरला होता. पत्र मात्र फक्त अकरा नंबरला.

पाहणीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी गाडीचे कागद शोधताना नवऱ्याच्या ब्रीफकेसमध्ये मला एक मसुदा सापडला. ‘पत्नीस समज दिली असून पंधरा दिवसांत सामान हलविण्यात येईल.’

“अहो, समज कधी दिलीत? मी घरी होते का?”

“अगं, ती पत्राची भाषा असते.”

“असू दे. समज दिलीत का?”

“हे बघ,” तो म्हणाला, “रोज त्यांची तोंडं बघायची आहेत आपल्याला. रविवारी येऊ दे त्यांना. बघून समाधान झालं तर उत्तमच. नाही झालं तर सोमवारी मी हे देऊन टाकतो.”

फ्लॅट त्याच्या नावावर, म्हणून गॅरेज त्याच्या नावावर, म्हणून सहीसुद्धा त्याची. त्याने सोमवारी ती केली की विमान संपलं. माझ्या हातात एक रविवार होता.

त्याच संध्याकाळी मी पहिली बरगडी जोडली. पट्ट्या साच्यात बसवल्या, गोंद कालवला, त्रिकोण लावले, क्लॅम्प आवळले. पुस्तिकेत लिहिलं होतं: रूम टेंपरेचरला चोवीस तास ठेवा. शिवाय प्रत्येक वेळी त्याच गोंदाने एक चाचणीचा तुकडा जोडा आणि मोडून बघा. लाकूड फाटलं तर सांधा पास. सांध्यावरच सुटलं तर नापास. तो तुकडा शनिवारी संध्याकाळी मोडायचा होता. मी मोडला नाही. कमिटीच्या डोळ्यांसमोर मोडला तर फार छान दिसेल, असं मला वाटलं. वहीतल्या कामांच्या यादीत ‘चाचणी’समोरचा शनिवार खोडून मी रविवार लिहिला.

रविवारी अकराला दोघं आले. अध्यक्ष रिटायर्ड अधिकारी, गळ्यात मफलर. सेक्रेटरींच्या काखेत रजिस्टर. गॅरेजच्या दाराशी उन्हात खुर्ची टाकून सासूबाई भोगीच्या भाजीसाठी मटार सोलत होत्या. विमानाला त्यांचा विरोध होता, पण फुकटचा तमाशा त्या सोडणार नव्हत्या.

“भाभीजी, भाईसाहब नहीं हैं?”

“पानिपत गए हैं।”

“लड़ने?” अध्यक्ष हसले.

“लड़ाई तो यहाँ है। पूछिए, क्या पूछना है।”

“नहीं, नहीं, हम बाद में आ जाएँगे, जब भाईसाहब...”

“विमान मैं बना रही हूँ। बाद में भी मैं ही मिलूँगी।”

मग विचारणं सुरू झालं. आवाज किती होतो? करवत हाताची आहे, नऊ नंबरच्या शिलाई मशिनीपेक्षा कमी. आग लागली तर? वाळूची बादली ही, पाण्याची ही. पेट्रोल? इंजिनच आलेलं नाही. “रिहायशी कॉलोनी में फैक्टरी नहीं चल सकती,” सेक्रेटरी म्हणाले. राहत्या वस्तीतल्या कारखान्यांवर उत्तर म्हणून मी खिशातून गॅरेजांची यादी काढून वाचली. चार, पाच, सात, नऊ. सात नंबर अध्यक्षांचं होतं, त्यांनी ते केबलवाल्याला दिलं होतं. ते मफलर नीट करायला लागले. माझा जोर वाढला. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

“अब मजबूती भी देख लीजिए।” मी चाचणीचा तुकडा अध्यक्षांच्या हातात दिला. “तोड़िए। लकड़ी टूटेगी, जोड़ नहीं टूटेगा।”

त्यांनी जोर लावलाच नाही. नुसता पीळ दिला. दमट पापड सुटावा तसा सांधा सुटला आणि दोन्ही तुकड्यांवर पिवळा गोंद चिकट, ओला, चमकत राहिला. घाईघाईने मी साच्यातली बरगडी उचलली. तिचाही एक कोपरा उघडला.

अध्यक्षांनी दोन्ही तुकडे जपून टेबलावर ठेवले. आवाजात खोडसाळपणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “भाभीजी, यह तो ज़मीन पर ही खुल गया।”

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. जाताना म्हणाले, भाईसाहबना सांगा, उद्यापर्यंत जवाब पाठवा.

मी वहीत लिहिलं: बरगडी क्र. १ बाद. मग गोंदाचं प्रमाण तपासलं. बरोबर. वेळ तपासली. चोवीस तास सांगितले होते, चाळीस झाले होते. हात धुतले होते, लाकूड कोरडं होतं. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण होती आणि तरीही सांधा सुटला होता.

“कुठं ठेवलं होतंस ते?” सासूबाईंनी मटाराच्या परातीवरून विचारलं.

“इथंच. टेबलावर.”

“या फ्रीजमध्ये?”

“आई, प्लीज.”

“प्लीज काय? दही कुठं लावतो आपण थंडीत?”

“पिठाच्या डब्यात.”

“आणि वर?”

“वर शाल.”

“आणि नुसतं ओट्यावर ठेवलं तर?”

मी पुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत रूम टेंपरेचर म्हणजे किती ते फॅरेनहाइटमध्ये दिलं होतं. पेन्सिलीने हिशेब केला: एकवीस अंश. आमच्या गॅरेजमध्ये दिवसाढवळ्या तोंडातून वाफ निघत होती. गॅरेजला चार भिंती आणि छप्पर होतं, म्हणजे रूम आलीच, असं समजून मी खूण करून मोकळी झाले होते. ज्याने पुस्तिका लिहिली त्याच्या घराला हिवाळ्यात ऊब असते, हे दिल्लीत एकवीस हिवाळे काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुपारच्या आत नवा गोंद कालवला. नवी बरगडी आणि चाचणीचे तुकडे एकाऐवजी चार. साचा उचलून सासूबाईंच्या खोलीतल्या दिवाणावर आणला. हीटरचा भरवसा नव्हता, दुपारी लाइट जायचीच. म्हणून गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आणि वर रजई. घरातली सगळ्यात जाड रजई नवऱ्याची होती. सासूबाईंनी तिच्या कडा चहूबाजूंनी घट्ट खोचल्या आणि माझ्या वहीत बोट घालून म्हणाल्या, “पाणी बदलायच्या वेळा लिही. आणि तो स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन विमानाच्या आधी बसणार की नंतर?”

“यादीत आहे.”

“यादीत तो गणपतीपासून आहे.”

अंधार पडता पडता नवरा आला. बुटांवर पानिपतची धूळ, हातात रिकामा डबा. “काय झालं मग?”

“तुझं तिकडे दरवर्षीचं असतं,” सासूबाई म्हणाल्या, “हिचं आज झालं.”

मी सगळं सांगितलं, मफलरपासून गोंदापर्यंत. त्याने ब्रीफकेस उघडली आणि मसुदा टेबलावर ठेवला. रागाने नाही. सुटल्यासारखा.

“उद्या संध्याकाळी सातपर्यंत थांबा,” मी म्हटलं.

“आणि सातनंतर?”

“सातनंतर तुम्हाला काय द्यायचं ते द्या. पण ‘समज दिली’ हे खोडा. ते खोटं आहे.”

तो आत गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “माझी रजई कुठाय?”

“विमानाला थंडी वाजत होती,” सासूबाईंनी उत्तर दिलं. त्याने दोन चादरी आणि एक घोंगडी यांवर भागवलं.

सोमवारी संक्रांत होती. मी अर्धी सुट्टी टाकली नाही. दिवसभर पिशव्यांचं पाणी सासूबाईंनी बदललं आणि वेळा लिहिल्या, माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षरात. सातला दहा मिनिटं कमी असताना मी रजई काढली आणि पहिला तुकडा नवऱ्याच्या हातात दिला.

“मोडा.”

“मी?”

“सही तुमची आहे ना? मग मोडा तुम्हीच.”

त्याने जोर लावला. मोडेना. गुडघ्यावर घेतला. काडकन आवाज झाला आणि लाकूड उभं फाटलं, रेषान् रेषा दिसत होती. सांधा जिथल्या तिथे. दुसरा तसाच, तिसरा तसाच. चौथा मी ठेवून घेतला. नवऱ्याने मसुद्याचा कागद घडी घालून परत ब्रीफकेसमध्ये टाकला. “उत्तर तूच लिही,” तो म्हणाला. “मला यातलं काही कळत नाही.”

मी लिहिलं. हिंदीत, दोन ओळी. गॅरेज नंबर अकरामध्ये विमान मी बनवत आहे. पुढेही बनवत राहीन. खाली माझी सही, सोबत गॅरेजांची यादी. पत्र, मोडलेले तीन तुकडे, न मोडलेला एक आणि तिळगुळाची वाटी घेऊन मी अध्यक्षांच्या दारात उभी राहिले. त्यांनी चौथ्या तुकड्याला पीळ दिला. मग दोन्ही हातांनी दिला.

“कल खुल गया, आज नहीं खुला?”

“कल ठंड में रखा था। आज रज़ाई में।”

“चलो मान लिया। पर उड़ाएँगी कहाँ से?”

“रनवे कमिटी से नहीं माँगूँगी।”

तिळगूळ दिला. सोबत गोड बोला म्हणायचं असतं. ते मी म्हटलं नाही.

फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये विषय दोन मिनिटांत संपला. सात नंबरच्या मालकांना गॅरेजांबद्दल लांबण लावायची नव्हती. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. ओळ अशी होती: ‘गैरेज नं. ११, श्री अमुक की पत्नी का शौक। आपत्ति नहीं।’ म्हणजे हरकत नाही.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, पत्नीला नाव आहे, ते लिहा. आणि शौक खोडा, विमान लिहा. ते म्हणाले, रजिस्टरमध्ये खोडता येत नाही. मग नवी ओळ लिहा. ती पुढच्या मीटिंगमध्ये. पुढच्या मीटिंगला कोरम नव्हता. त्यानंतर अध्यक्ष नोएडात नव्या घरी राहायला गेले आणि दोन सेक्रेटरी बदलले.

एक्झॉस्ट फॅन बसला आहे. पूर्ण झालेल्या बरगड्या गॅरेजच्या भिंतीवर ओळीने टांगल्या आहेत. थंडीतल्या प्रत्येक बरगडीने नवऱ्याची रजई वापरली, आणि शेवटी त्याने स्वतःसाठी दुसरी आणली. मागच्या महिन्यात आताचे सेक्रेटरी ते जुनं रजिस्टर घेऊन आले. ऑडिटवाले विचारत होते, अकरा नंबरपुढची सहीची जागा रिकामी का? मी ओळ त्यांना मोठ्याने वाचायला लावली. कोणते दोन शब्द बदलायचे ते सांगितलं. ते म्हणाले, देखते हैं मॅडम.

दर महिन्याला नवी यादी करताना मी ते काम पुढच्या पानावर उतरवते: रजिस्टर, अकरा नंबर, सही. बाकी.