नजीराक्का आणि पुराचं हापिस

नजीराक्का आमच्या गल्लीत राहायची, नदीकडच्या अंगाला. घराणं पिंजाऱ्याचं. तिचा नवरा बादशहा गाद्या भरतो असं सगळी गल्ली म्हणायची. खरं तर तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा आणि गाद्या नजीराक्का भरायची. आपण पिंजलेल्या कापसावर झोपलेला माणूस कामाला उशिरा पोचतो, असं ती स्वतःच सांगत फिरायची. गर्व होता तिला आणि मला तो आवडायचा. मी शाळेत मराठी शिकवायचे, तिथं मान खाली घालून बोलणारी माणसं पोत्यानं भेटत. मला त्यांचा कंटाळा येई.

तिचं सासर गडहिंग्लजच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून, म्हणून ती अक्का. त्या गावी रवळनाथाची जत्रा भरते. त्या दिवशी देव पालखीत बसतो आणि त्याच्या खालची गादी पिंजाऱ्याच्या घरून येते. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. लग्न होऊन आल्यापासून ती गादी नजीराक्काच भरायची. नवा कापूस, नवं कापड. गादी भरायच्या दिवशी ती घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नसे आणि स्वतःही बोलत नसे, हे विशेष. बादशहा गादी डोक्यावर घेऊन देवळात जायचा, मानाचा नारळ घेऊन यायचा. ती लांब बायकांत उभी राहून बघायची. तेवढ्यावर तिचं वर्ष सुखात जायचं.

सत्तर-बहात्तर सालच्या सुमारास बादशहा वारला. मूलबाळ नव्हतं. जत्रेचं बोलणं निघालं तसा गावातून निरोप आला. देवस्थानचे पंच आण्णा यांचं म्हणणं, तुमच्या घरात आता बाप्या राहिला नाही, मान बाप्याचा असतो, आता इथून पुढं गादी बाजारातून आणू. कागदपत्र काही असेल तर दाखवा. आता कागद होता, घरात कुणाला वाचता न आलेला. पेटीत होता. पण आधल्याच पावसाळ्यात पंचगंगा गल्लीत शिरली, तेव्हा ती पेटीच वाहून गेली होती.

बादशहाच्या मरणानंतरही ताठ राहिलेली ही बाई त्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर बसून रडली. म्हणाली, "नवरा खुदानं न्हेला, त्येला इलाज न्हाय. पर ह्यो मान माणसं न्ह्याय लागल्यात, बाई."

मला रडणं बघवत नाही, मला लगेच राग येतो. मी म्हटलं, ऊठ. संस्थानाच्या काळचा कागद असेल तर त्याची नक्कल कुठंतरी असणारच, एवढं मोठं शहर आहे हे. मे महिन्याची सुट्टी लागली आणि आम्ही दोघी शोधाला बाहेर पडलो.

आधी गेलो वाचनालयात. पुस्तकांनी भरलेली कपाटं बघून मीसुद्धा तिथं हळू बोलते. नजीराक्कानं मात्र एका जाड ग्रंथाच्या पाठीवरून हात फिरवला आणि कापड बरं वापरलंय असा शेरा दिला. तिथल्या गृहस्थांनी जुनी छापील माहिती काढून दिली. तिच्यात गाव होतं, देव होता, पालखीही होती, गादीचं नाव नव्हतं. मग बस धरून विद्यापीठ गाठलं, तेव्हा ते गावाबाहेर उघड्या माळावर होतं. तिथं हस्तलिखितं वेगळी ठेवलेली. सांभाळणाऱ्या बाईंनी सगळं आस्थेनं ऐकून घेतलं. आमच्याकडं पोथ्या असतात, म्हणाल्या, तुम्हाला जुनं सरकारी दप्तर हवंय, तर पुराभिलेख कचेरीत जा.

बाहेर येताच नजीराक्काचा चेहरा फुलला. "पुराचं बी हापिस हाय व्हय? आदी का सांगितलं न्हाईसा?"

माझ्या डोक्यात क्षणभर उजेड पडेना. मग कळलं. पुरात वाहून गेलेले कागद जिथं गोळा होतात ते पुराभिलेख, असं तिनं धरलं होतं. दरसाल नदी लोकांच्या घरात शिरते, तेव्हा सरकारनं असं एखादं खातं काढावं हे तिला अगदी रास्त वाटलं. पुरा म्हणजे पूर्वीचं, हे सांगायला मराठी शिकवणाऱ्या बाईची जीभ किती शिवशिवली असेल! पण ती इतकी खुशीत होती आणि निघालीही होती बरोबर ठिकाणी. मी गप्प बसले आणि पदरात तोंड घालून हसून घेतलं.

कचेरीत हंबीरराव म्हणून कारकून होते. नजीराक्कानं त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि पुरात आमची पेटी गेली, कागद गावलाय का तुमास्नी, असं थेट विचारलं. हंबीररावांनी पेन खाली ठेवलं. हसले नाहीत, भला माणूस. इथं नदीचं काही येत नाही, मागच्या काळचे कागद असतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग गाव, देव, मान सगळं विचारून अर्ज लिहून घेतला. मूळ कागद तुमच्याकडं होता म्हणजे नक्कल देवस्थानाच्या रुमालात असू शकेल, म्हणाले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. नजीराक्का माझ्या कानाशी लागली. बघा, म्हणाली, वाळवून कापडात बांदत्यात. ती काही ऐकणाऱ्यातली नव्हती.

बरेच खेटे झाले. एका दुपारी हंबीररावांनी आम्हाला आत बोलावलं. समोर मोडीतला कागद होता. ते बोट फिरवत सावकाश वाचू लागले, "जुलेखा पिंजारीण इणें देवाची गादी आपले हातें भरावी. तिचेमागें तिचे सुनेनें व सुनेचे सुनेनें भरावी. जत्रेचे दिवशीं देवळापुढें पिंजारणीची ओटी भरावी."

नजीराक्कानं ते पुन्हा वाचायला लावलं. सासऱ्याच्या आजोबापर्यंत पुरुषांची नावं तिला तोंडपाठ होती, पण ही जुलेखा कोण ते त्या घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. मान बाप्याचा कधी नव्हताच. मधल्या कुणा नवऱ्यानं गादी डोक्यावर घेतली असेल आणि मग नारळही त्याचाच झाला असेल. मी भडकले. ती नाही भडकली. "ह्यांस्नी ठावं न्हवतं वो," म्हणाली, "ठावं असतं तर मला म्होरं केलं असतं."

शिक्क्याची नक्कल घेऊन आम्ही गावी गेलो. आण्णांनी ती वाचली. वाईट माणूस नव्हे, मान हलवून म्हणाले, गादी अक्कानंच भरायची. पण ओटीपाशी अडले. विधवेची ओटी कुणी भरत नाही. नारळ हातात देऊ, म्हणाले.

"सुवाशिणीची भरा असं कुठं लिवलंय, आण्णा?" नजीराक्कानं विचारलं. "पिंजारणीची भरा, असं लिवलंय."

आण्णांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि ओटीचं सूप तयार ठेवायला सांगितलं.

जत्रेच्या दिवशी नजीराक्का गादी स्वतःच्या डोक्यावर घेऊन वाजतगाजत देवळात गेली. देव बसला. सुपात तांदूळ, खण, नारळ तयार होता, पण सूप उचलायला एक सवाष्ण पुढं होईना. आण्णांची बायकोसुद्धा नाही. नजीराक्का पदर पसरून उभी. मला तिच्याकडं बघवेना.

तेव्हा आण्णांची म्हातारी आई, धोंडुबाई, गर्दीतून वाट काढत आली. तरुणपणीच कपाळ पांढरं झालेली बाई. तिनं सूप उचललं. म्हणाली, "मी भरती. माझी भरून बी लई सालं झाली."

तिनं ओटी भरली. नजीराक्कानं आपल्या पदरातले मूठभर तांदूळ काढले आणि धोंडुबाईच्या पदरात घातले. पालखी उठली, हलगी कडाडली, लोक पुढं सरकले. त्या दोघी मात्र पदराचं टोक घट्ट धरून तिथंच उभ्या राहिल्या, एक दाणाही सांडू नये म्हणून.