आबांच्या खोलीची परवानगी

कान्हे गावात आमच्या घरामागं दहा बाय बाराची एक खोली वाढवायची होती. एवढंच! पण तिच्या फाइलीत कागद जितके जमले, त्याच्या दुप्पट किस्से जमले. कंपनीत डबा उघडला की पोरं म्हणतात, "संजयराव, करा चालू!" माझी भाजी गार होते, किस्सा काही संपत नाही.

खोली आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, जवळ कमोड पाहिजे. आमचा संडास अंगणाच्या पार पलीकडं. आबांचा वॉकर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी बायको सुनीता, अशी आमची वरात दिवसातून चार वेळा निघायची. सुनेनं धरून न्यायचं याची आबांना भयंकर लाज वाटायची. इतकी की त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. मला ते बघवायचं नाही.

गावात सगळे आधी बांधतात, परवानगीचं मग बघतात. आमची पंचाईत वेगळीच! आबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. उभ्या नोकरीत त्यांनी अर्ध्या गावाला विनापरवाना बांधकामाच्या नोटिसा वाटल्या. "परवानगी आल्याबिगर येक वीट लागायची न्हाई," म्हणाले. झालं!

*

कामशेतला एक नकाशावाला आहे. निम्मी कामं लोणावळ्याच्या बंगल्यांची, त्यामुळं आमच्याशीही इंग्लिशमध्ये बोलतो. त्यानं नकाशा काढला, फाइल सरकारी ऑफिसात गेली, आणि महिन्यानं परत आली. शेरा काय, तर "स्विमिंग पूलचा तपशील जोडावा."

स्विमिंग पूल! पठ्ठ्यानं कुठल्या तरी बंगल्याच्या नकाशावर आमचं नाव टाकलं होतं आणि पूल पुसायचा राहिला होता. मी संतापलो. आबा मात्र शांत.

"ऱ्हाऊ दे की. डॉक्टरबी पवायला जा म्हनत हुता."

*

पूल पुसला, फाइल पुन्हा गेली. मग साइट बघायला ऑफिसातले साहेब आले. नकाशा हातात धरून त्यांनी घराभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"विहीर दक्षिणेला दाखवलीय. इथे तर उत्तरेला आहे!"

नकाशावाल्यानं उत्तरेचा बाण उलटा काढला होता. मी म्हटलं, "साहेब, बाण तेवढा फिरवून घ्या."

"नकाशा दाखल झालाय, त्यात मला हात लावता येत नाही. घर नकाशाप्रमाणे नाही, असं लिहावं लागेल."

तेवढ्यात सुनीता चहा घेऊन आली. ती आधीच वैतागलेली. "साहेब, चहा कोणत्या दिशेला ठेवू?"

साहेबांनी दोन कप चहा घेतला आणि लिहायचं ते लिहिलंच.

*

माझा मेव्हणा बाळू खंडाळ्यात एका बंगल्यावर केअरटेकर आहे. आमची रडकथा ऐकून तो पोट धरून हसला.

"दाजी, तुमी लय साधे! आमच्या मालकानं गच्चीवर दोन रूम काढल्यात. नकाशात तितं पान्याची टाकी हाय."

"आणि तपासायला कुणी आलं तर?"

"आलं की! तपासणारे फॅमिली घेऊन आलते. दोन दिवस टाकीतच ऱ्हायले. एसी गार करत न्हाई म्हनून माझी कंप्लेंट करून गेले."

*

शेजाऱ्याची ना-हरकत लागते. आमचे शेजारी नामदेवभाऊ आणि आबा एका वयाचे, पण दोघांचं बोलणं बंद. कारण आबांनीच आणून दिलेल्या नोटिशीमुळं भाऊंना दारातला ओटा पाडावा लागला होता. मी दोनदा गेलो, दोनदा हात हलवत परत. तिसऱ्यांदा भाऊ म्हणाले, "तुज्या बाला, किसनला पाटव. माजा ओटा हुता, तितं हुबं ऱ्हाऊन माफी मागू दे."

मला वाटलं, संपलं सगळं. आबा आणि माफी? पण आबा निघाले. वॉकर टेकत टेकत गेले आणि भाऊंच्या दारात जाऊन उभे राहिले. माफी काही निघेना. पाय मात्र थरथरायला लागले. भाऊ खेकसले,

"बग किसन्या! ओटा आसता तर बसला तरी आसतास!"

आणि आत जाऊन पेन घेऊन आले.

*

बाण सरळ केलेला नकाशा पुन्हा गेला, परवानगी शेवटी आली, खोलीही झाली. पण परवानगी येण्याच्या पंधरा दिवस आधी जे झालं, ते कंपनीत मला सगळ्यात जास्त वेळा सांगायला लावतात.

एका दुपारी सुनीताला हाक मारायची नाही म्हणून आबा एकटेच संडासला निघाले आणि अंगणात पडले. नशीब, हाड वाचलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेली ती परवानगी! रविवारी बाळू आबांना तपासणीला कामशेतला घेऊन गेला, तेवढ्यात मी गवंडी लावला. पाया आधीच खणून ठेवला होता, त्यावर विटांचे दोन थर चढवले. वर ताडपत्री, त्यावर सरपण.

आबा आले. ताडपत्रीकडं बघितलं. आणि सरळ आत गेले. मी सुटलो म्हणायचं!

मंगळवारी आबांच्या जागेवर लागलेला शिपाई, दत्ता, कागद घेऊन दारात. मान खाली.

"आबा, तक्रार आलीय. विनापरवाना बांधकाम. नोटीस हाय."

मी उसळलो. "कोण तो तक्रार करणारा? नाव सांग त्याचं!"

दत्तानं कागद पुढं केला. आबांनी चष्मा लावला.

"वरडू नगं. मीच केलीया, फोनवरनं." मग दत्ताकडं वळून, "नोटीस कुनाच्या नावानं?"

"तुमच्याच, आबा. घर तुमच्या नावावर हाय न्हवं."

"मंग बरूबर हाय. बांधकामाचा फोटू काडला का?"

"न्हाई."

"काड की! नोकरी करतुयास का फिराया आलायस? संज्या, ताडपत्री उचल."

मी ताडपत्री उचलली. काय करणार? दत्तानं फोटो काढला. आबांनी नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खाली सही केली, तारीख टाकली आणि पेन दत्ताच्या खिशाला अडकवलं.

मग वॉकर पुढं ओढला.

"चल संज्या, धर मला. संडासला जायाचंय."