कडेला उभा केलेला माणूस

देवळीत बियाणं आणि खतं विकणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत मी काउंटरवर कामाला होते. तिथल्या साहेबांचा धर्म एकच, पॉझिटिव्ह राहणं. सकाळी शटर वर गेलं की आम्ही गोल उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि आज कशाचा आनंद झाला ते सांगायचं. 'अडचण' हा शब्द बंद. बंद पडलेला पंखासुद्धा 'लवकरच सुरू होणारा' पंखा असे. वडिलांबरोबर मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेल्या मला घोषणांचं नवल नव्हतं. पण आमच्या पत्रकांत निदान काहीतरी मागितलेलं असायचं.

सिंदीहून येणाऱ्या आमच्या गोडाऊनवाल्या भाऊचे वडील वारले. साहेबांनी ग्रुपवर फुलांचा गुच्छ टाकला, खाली 'बी स्ट्राँग'. तेरवीला जायला मात्र त्यांना जमलं नाही. त्या दिवशी नेतृत्वावरचं शिबिर होतं.

तेरवी आटोपून भाऊ कामावर आला, डोक्याचा गोटा केलेला. नेमका त्याच दिवशी 'आनंदी शाखा' स्पर्धेसाठी नागपूरला फोटो पाठवायचा होता. साहेबांनी त्याला न्याहाळलं आणि ड्रॉवरमधून कंपनीची हिरवी टोपी काढली.

"ही घाल. अन् थोडा कडेला राह्यजो."

कडेला कशासाठी, ते आम्हाला कळलं. कडेचा माणूस मोबाइलवर एका बोटानं कापता येतो.

फोटोवाला म्हणाला, "हसा." भाऊनं टोपी काढून हातात धरली.

"अरे, काऊन काढली?"

"बाप गेला साहेब माहा. ऊन नाई लागून राह्यलं मले."

"ते बरोबर आहे, पण पाहणाऱ्याले निगेटिव्ह वाटते ना. एक मिनिट हसून टाक."

"तुमचे वडील आहेत ना साहेब. तुम्ही हसा."

रोज सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणाऱ्या कॅशियर काकू साहेबांच्या शेजारची जागा सोडून भाऊच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मी गेले, मग एकेक करून बाकीचे सरकले. भाऊ मधे आला. साहेब दुसऱ्या टोकाला एकटे राहिले, चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू तसंच.

फोटो छान आला होता. पण त्यात कापता येण्यासारखे फक्त साहेबच उरले होते, म्हणून तो नागपूरला गेलाच नाही.