थांबाबाईंची शाब्बासकी

शाळेत त्यांना तोंडावर सगळे नुसतं बाई म्हणत आणि पाठ वळली की थांबाबाई. हे नाव ज्या कुणा पोराने ठेवलं ते हुशार असणार, कारण बाईंची सगळी नोकरी त्या एका शब्दात बसत होती. गणिताचा प्रश्न फळ्यावर लिहायचा, वर्गाकडे वळायचं आणि म्हणायचं, "थांबा. घाई नको. विचार करा." मग स्वतःही थांबायचं, खडू दोन बोटांत फिरवत. बाकीचे शिक्षक प्रश्न विचारतात आणि त्याच दमात उत्तर देऊन मोकळे होतात. बाईंना ते म्हणजे पोरांच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटे. वर्ग चुळबुळायचा, कुणी खोकायचं, एखादा चुकीचं उत्तर फेकून अंदाज घ्यायचा. बाई ना मान हलवत, ना भुवई उचलत. आणि मग ज्याच्याकडून कुणाची काडीची अपेक्षा नव्हती असं एखादं पोर मागच्या बाकावरून चाचरत बरोबर उत्तर द्यायचं. "शाब्बास," बाई म्हणायच्या. त्या एका शब्दावर ते पोर आठवडाभर हवेत असे.

हे झालं चांगलं. वाईटही सांगायला हवं, नाहीतर याचं मानपत्र होईल, आणि मानपत्रं खोटी असतात.

शांततेत सगळ्यांना उत्तर सापडत नाही. काहींच्या डोक्यात शांततेत नुसता अंधार होतो. अशी एक मुलगी बाईंच्या वर्गात होती, दोन वेण्या घालणारी आणि दप्तराचा पट्टा चावत बसणारी. बाईंनी एकदा तिला उभं केलं आणि विचारलं, "एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश?" मुलीच्या तोंडाला कुलूप. बाई थांबल्या. वर्ग आधी हसला, मग कंटाळला, मग गप्प झाला. घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी मुलगी उभीच आणि बाई थांबलेल्याच. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाईंना वाटत होतं की उत्तर आता अगदी जिभेवर आलंय, आत्ता कशाला घाई करा. खरंच वाटत होतं त्यांना तसं. त्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. दुष्टपणा असता तर त्यांनी ते लवकर आटोपलं तरी असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी साथ आली, शाळा बंद पडल्या आणि बाईंच्या जिवाची तगमग सुरू झाली. घरात त्या आणि त्यांची भाची, दोघीच. भाची शिकून नोकरीच्या शोधात होती आणि मोबाईलवर जन्मल्यासारखी तिची बोटं त्यावर चालत. तिनेच डोकं चालवलं. कपाटाच्या दाराला काळा रंग देऊन फळा केला, स्वयंपाकघरातले पिठाचे डबे एकावर एक रचून त्यावर फोन टेकवला, आणि बाईंचे धडे एकेक करून चित्रित केले.

"आत्या, तू इथे एवढा वेळ गप्प का उभी आहेस?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं. "समोर कुणी नाही."

"समोर नाही म्हणून काय विचार करणार नाहीत?"

म्हणजे प्रश्न विचारायचा, मग फ्रीजची घरघर ऐकत खडू फिरवत राहायचं, आणि मग फोनच्या त्या काचेच्या ठिपक्याकडे बघून मनापासून म्हणायचं, "शाब्बास!" ही चूक फक्त शिक्षकाच्याच हातून होऊ शकते. ज्या पोरांचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांनी बरोबरच सांगितलं असणार असं बाईंनी धरून टाकलं होतं.

धडे एका मोफत संकेतस्थळावर चढले. कुणीही यावं, बघावं, उतरवून घ्यावं, एक पैसा नको. चढवताना एक चौकोन समोर आला. हे धडे कोणालाही वापरता येतील, कापता येतील, जोडता येतील, बदलता येतील, मान्य आहे का? भाची म्हणाली, "आत्या, नीट विचार कर." थांबाबाईंनी जन्मात पहिल्यांदा विचार न करता उत्तर दिलं. "ज्ञान काय कुलपात ठेवायचं? कर खूण."

आणि धडे चालले! कुठून कुठून निरोप यायला लागले. एका लांबच्या शाळेतल्या शिपायाने लिहिलं की आमच्याकडे गणिताला शिक्षकच नाहीत, मीच वर्ग उघडतो आणि तुम्हाला लावतो. बाईंनी तो निरोप भाचीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. मधूनच कुणीतरी लिहायचं, "इथे व्हिडिओ अडकतो, दुरुस्त करा." बाई पोट धरून हसायच्या. "लिही त्याला, अडकला नाहीये. मी थांबलेय." हसण्याचे दिवस होते ते.

मग घसा बसला. आधी वाटलं नेहमीचाच, खडूचा. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, मौन झालं, शेवटी डॉक्टर झाले. गाठ निघाली ती आवाजाच्या पडद्यावरच. शस्त्रक्रियेने बाई वाचल्या आणि आवाज गेला. गेला म्हणजे अगदीच नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं काहीतरी उरलं. समोरच्याला ऐकू जायचं, त्याच्या मागच्याला नाही. "बोलता येईल तुम्हाला," डॉक्टर म्हणाले, "पण वर्ग घेणं विसरा." डॉक्टरांना काय, त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, त्यांनी बोलून टाकलं.

बाई विसरल्या नाहीत. रजा संपवून शाळेत गेल्या तेव्हा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत नवीच कुणी होती. म्हणजे नवी कसली, ती दोन वेण्यांची मुलगीच. आता केस कापलेले, अंगावर इस्त्रीची साडी, आणि वयाने बाईंच्या मुलीसारखी असूनही सगळी शाळा तिला रिवाजाप्रमाणे मोठ्या बाई म्हणत होती. आता ती सूड घेईल म्हणून कुणी सरसावून बसलं असेल तर त्याची निराशा होणार. तिने बाईंना पाहिलं, उठून उभी राहिली आणि स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली.

"बसा बाई. अजिबात काळजी करू नका. तुमचे धडे आहेतच की! वर्गात पडदा लावलाय, मशीन आहे. तुम्ही फक्त सुरू करायचं आणि मुलांवर लक्ष ठेवायचं."

असं बाईंचं काम ठरलं. स्वतःच्या जुन्या आवाजाची कळ दाबायची आणि बाजूला बसायचं. पडद्यावरच्या बाई खणखणीत बोलायच्या, खुर्चीतल्या बाई ऐकायच्या. पण पडद्यावरच्या बाई थांबल्या की वर्गात बोंब व्हायची. पडद्याला डोळे नसतात हे पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. कागदाचे बोळे उडायचे, डबे उघडायचे. खुर्चीतल्या बाई उठून "शांत बसा" म्हणायच्या आणि ते त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं. तास संपायचा, धडा संपायचा नाही.

एके दिवशी बाईंनी कळ दाबली, आणि पडद्यावरच्या बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला, वळल्या आणि म्हणाल्या, "एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश? शाब्बास! एक तृतीयांश मोठा." एका दमात. मधे श्वासही नाही. हात फळ्याजवळ होता तो एकदम पदराजवळ आला, झटका बसल्यासारखा. पोरांनी मुकाट्याने उत्तर उतरवून घेतलं. वर्ग इतका शहाण्यासारखा बसला होता की बाईंच्या अंगावर काटा आला.

कापलं होतं भाचीने. मोठ्या बाईंनी तिला शाळेतच संगणकाच्या कामावर घेतलं होतं, आणि पहिलं काम हेच दिलं होतं.

"आत्या, अगं, तूच खूण केलीस ना, कोणीही कापा म्हणून," घरी भाची रडकुंडीला येऊन म्हणाली. "आणि खरं सांगू? कापलेले धडे मी संकेतस्थळावरही चढवले. लोकांना तेच जास्त आवडतायत. तो शिपाईसुद्धा लिहितो, बरं झालं, आता पोरं दंगा करत नाहीत."

शिपायाचं ऐकून बाई जेवणावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंपुढे उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "तो थांबण्याचा वेळ म्हणजेच धडा आहे," त्या त्यांच्या फुसफुशीत आवाजात म्हणाल्या. "बाकीची नुसती बडबड आहे. आणि तोच कापलास तू… कापलात तुम्ही, मॅडम."

मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. मग शांतपणे बोलल्या. "बाई, तुम्ही मला तासभर उभं केलं होतंत, आठवतं? तुम्हाला वाटत होतं मी विचार करतेय. मी विचार करत नव्हते. तुम्ही वर्षभर थांबला असतात तरी मला ते उत्तर आलं नसतं. घरी गेल्यावर आईने एका वाक्यात सांगितलं. जास्त लोकांत वाटलं तर वाट्याला कमी येतं. एक वाक्य होतं, बाई. तेवढं तुम्हाला देता आलं नाही?"

उत्तरासाठी मोठ्या बाई थांबल्या नाहीत.

"माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. हवं तर एक तास तुमचा तुम्ही घ्या, तुमच्या पद्धतीने. मी मागे बसते. मुलं चालली तुमच्याबरोबर, तर वर्ग तुमचा, मशीन मी उचलून नेते. नाही चालली, तर निवृत्तीपर्यंत मशीनजवळ बसायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. थांबाबाईंनी विचार न करता दिलेलं हे दुसरं उत्तर.

त्या तासाला बाई लवकर जाऊन उभ्या राहिल्या. मशीन चालूच होतं. आदल्या दिवशी तोच धडा अर्धवट राहिला होता, म्हणून पडद्यावर त्यांचंच चित्र थिजून होतं, तोंड अर्धवट उघडं, हात वर. ते बंद करायचं बाईंच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष कागदाच्या पट्ट्यांवर होतं. प्रत्येक पोराला एकसारख्या दोन पट्ट्या. एकीच्या घड्या घालून तीन भाग, दुसरीचे चार. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या.

आणि सुरुवात छान झाली हो! आवाज पोहोचत नाही म्हटल्यावर पोरं पुढे झुकली. बाकांमधून फिरत बाई एकेकाच्या कानाशी बोलत होत्या आणि पट्ट्यांच्या घड्या पडत होत्या. कुणाचे चार भाग वेडेवाकडे आले, तो स्वतःशीच हसला आणि पुन्हा घालू लागला. हा वर्ग आपला आहे, बाईंना वाटलं. अजून आपला आहे.

त्या फळ्याशी गेल्या, प्रश्न लिहिला, वळल्या. "एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश? थांबा. विचार करा."

आणि थांबल्या.

वर्ग गप्प होता. बाईंनी पहिल्या बाकापासून तोंडं पाहत नेली. विचार करणारं पोर कुठे बघतं हे त्यांना उभ्या आयुष्यात पाठ झालं होतं. ते छताकडे बघतं, नाहीतर स्वतःच्या बोटांकडे. उत्तर तर त्यांच्या हातातच होतं, दोन पट्ट्या शेजारी धरायच्या की झालं. एकानेही धरल्या नाहीत. सगळी पोरं पेन्सिल उचलून बाईंच्या खांद्यावरून मागे बघत होती, पडद्याकडे. त्या तोंडांवर त्रास नव्हता, भीती नव्हती, आळसही नव्हता. नळाला पाणी कधी येईल म्हणून बादली लावून बसावं, तशी ती बसली होती.

बाई थांबल्या. अजून थांबल्या. त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण दातांत धरलं होतं आणि मान खाली घातली होती. त्यांना आता उत्तर येत होतं. त्या बोलल्या नाहीत.

पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, अडकलंय."

"वायर हलव," दुसरी म्हणाली.

मुलगी उठली. उद्धट नव्हती ती. बाईंना वळसा घालून, त्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने गेली, मशीनची वायर हलवली आणि कळ दाबली. पडद्यावरचं चित्र जागं झालं, हात खाली आला, आणि बाईंचा तो खणखणीत, भरलेला, गेलेला आवाज सगळ्या वर्गात घुमला. "शाब्बास!"

पोरांचे खांदे सैल झाले. वह्या उघडल्या. पट्ट्या बाकांवरून खाली पडल्या, कुणी उचलल्या नाहीत.

"लागलं, बाई," मुलगी त्यांच्याकडे बघून आनंदाने म्हणाली आणि जागेवर जाऊन लिहू लागली.

बाईंनी तोंड उघडलं, पण त्या भरदार आवाजापुढे त्यांचा आवाज त्यांच्याच ओठांपर्यंत आला नाही. मोठ्या बाई मागून चालत आल्या. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, मशीनजवळ ठेवली आणि पदराने तिच्यावरची खडूची भुकटी पुसली.

"बसा बाई," त्या म्हणाल्या.

बाई बसल्या.