पट्ट्यावरचे दगड

वाटाण्याची पिशवी फाटली आणि एकच वाटाणा खाली पडला, असं कधी झालंय का? आमच्या भांडाराच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगायला घेतली की बाकीच्या टणाटण उड्या मारत मागून येतात. घरचे म्हणतात, "झालं, आता हिचा चहा गार होणार." होऊ दे.

गोष्ट साठ सालानंतरची. नवी मुंबई हे नावसुद्धा तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. शिरवण्याच्या एका अंगाला भातशेती, खाडीकडे मिठागरं, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याला नवे नवे कारखाने. आमचा कारखाना रबराचे लांबच लांब पट्टे करायचा, खाणीत कोळसा वाहणारे. गेटाबाहेर कामगारांचं सहकारी भांडार होतं आणि त्याच्या गल्ल्यावर मी, सुमन. शिरवण्यातली पहिली पगारी सून. सासू चारचौघांत नाक मुरडायची, पण पगाराच्या दिवशी चहात साखर जास्त टाकायची.

आमचे मॅनेजर बर्वेसाहेब दादरहून यायचे. टोपी, छत्री आणि पित्त या तीन गोष्टी ते कधी विसरत नसत.

०

बर्वेसाहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो बघितला आणि ठरवलं की आपल्याकडेही गिऱ्हाइकानं आपलं सामान आपण उचलायचं. फळ्या लावल्या, टोपल्या ठेवल्या, दार उघडलं.

पहिली आत आली ठकूबाई. हिचा मुलगा कारखान्यात कामाला, त्यामुळे भांडार म्हणजे तिला मुलाचं घरच. पायरीवर चपला काढल्या, साबणाच्या फळीसमोर गेली आणि हात बांधून उभी राहिली. बराच वेळ झाला तरी हलेना. मी विचारलं, "काय झालं मावशी?"

"देनारा कुठं हाय?"

"इथं कुणी देत नाही. तुम्हीच उचलायचं."

तिनं बर्वेसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्याच्या देखत?"

०

सामान उचलायची लोकांना हळूहळू सवय झाली. रांग मात्र जाईना. जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना भांडारात, आणि गल्ला एकच. भोंगा व्हायचा तरी निम्मे लोक हातात साबण आणि डाळ घेऊन उभेच. खात्यात उशिरा पोचायचे, तिथे बोलणी खायचे आणि दुसऱ्या दिवशी ती व्याजासकट मला द्यायचे.

एकदा मुंबईहून मोठे साहेब आले. ती रांग त्यांनी गाडीतूनच बघितली आणि काच खाली करून बर्वेंना सांगितलं, "दिवाळीपर्यंत ही रांग दिसेनाशी करा. नाहीतर भांडार बंद. इथं सायकल स्टँड करू."

काच वर, गाडी गेली.

बर्वेसाहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मी उघडला आणि तसाच बंद केला. भांडार गेलं तर लोकांना वाणसामानासाठी ठाण्याला नाहीतर पनवेलला पळावं लागणार होतं. आणि खरं सांगायचं तर मला माझीच काळजी जास्त होती. गल्ल्यावरच्या खुर्चीची चटक लागली होती मला. त्या खुर्चीवर लोक मला नावानं ओळखायचे. घरी मी नुसती धाकटी सून.

तेवढ्यात म्हात्रे फिटर तंबाखू घ्यायला आला. आमची तोंडं बघितली, हकीकत ऐकली आणि म्हणाला, "साहेब, आपल्या पट्ट्यावर कोलसा चालतो. मंग कांदा का नाय चालनार?"

०

कारखान्यात पट्ट्याचे उरलेले तुकडे खूप पडायचे. एका रविवारात म्हात्रेनं दारापासून माझ्या टेबलापर्यंत, भिंतीच्या कडेनं, कमरेइतक्या उंचीवर पट्टा बसवला. खाली जुनी मोटर, माझ्या पायाशी बटण.

नवं यंत्र म्हटल्यावर पूजा आलीच. भटजींनी दाराकडच्या टोकाला पट्ट्यावरच ताम्हन मांडलं, नीरांजन लावलं, एक हात ताम्हनाला लावून मंत्र सुरू केले. म्हात्रेला वाटलं, मुहूर्त हाच. त्यानं मला खूण केली, मी बटण दाबलं.

पट्टा कोळशाचा, आणि चालही कोळशाचीच! ताम्हन सुटलं. भटजी ताम्हन सोडायला तयार नव्हते आणि मंत्र अर्धवट तोडायलाही तयार नव्हते. एका हातानं धोतर सावरत, खणखणीत म्हणत, भिंतीच्या कडेनं ते पळत माझ्यापर्यंत आले. स्वाहा झालं तेव्हा ताम्हन माझ्या गल्ल्याला टेकलं होतं. नीरांजन विझलं नव्हतं, हे मात्र त्यांचं कौशल्य.

बर्वेसाहेब म्हणाले, "सुमनबाई, पहिलं गिऱ्हाईक आलं. बिल करा."

०

मग म्हात्रेनं चाक बदललं आणि पट्टा इतका हळू केला की तो चालतोय की नाही ते बघायला खाली वाकावं लागे. ठकूबाईनं तांदळाची पिशवी ठेवली. माझ्याकडे बघितलं. पिशवीकडे बघितलं. मग तिथंच फतकल मारून बसली.

"पोरी, या चालीनं तांदूल वाटंतच शिजंल. मंग भातच घेऊन जाईन घरी."

म्हात्रेचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिसऱ्या चाकाला चाल जमली, पण तोवर सबंध गाव त्याला "भातवाला" म्हणायला लागलं होतं. त्याच्या बायकोनं माझ्याकडे तक्रारसुद्धा केली.

०

आता खरी गंमत ऐका. आमच्याकडे रांगेत माणूस उभा राहत नसे, वस्तू उभी राहायची. विहिरीवर असो की रेशनच्या दुकानात, आपला दगड ठेवायचा, नाहीतर डबा, छत्री, एखादी चप्पल, आणि जाऊन सावलीत बसायचं. दगडाला सगळे मान द्यायचे. दगडाच्या पुढे घुसला तर माणसाच्या पुढे घुसल्यापेक्षा मोठं भांडण व्हायचं.

पट्टा सुरू झाल्यावर एका सकाळी दार उघडलं, तर लोकांनी नंबर लावून ठेवले होते. पण जमिनीवर नाही, खिडकीतून हात घालून पट्ट्यावर! मला काय कल्पना? मी येऊन बसले, पायानं बटण दाबलं. दगड, डबे, छत्री, फुटका तवा, एकेका पायाच्या चपला, अशी ती वरात माझ्याकडे आली आणि धडाधड टेबलाखाली ढीग झाला.

बाहेरून आरडाओरडा. "माझा नंबर पाडला!" "मी पयला होतो!" पट्टा थांबवला, तरी कुणाचा दगड कुणाचा ते कोण सांगणार? बर्वेसाहेब ढिगातून एकेक दगड उचलून "हा कुणाचा? हा कुणाचा?" असं विचारत बसले. एकाच दगडावर तिघांनी हक्क सांगितला.

ठकूबाई मात्र सरळ ढिगाशी आली, त्यातून एक काळा चपटा दगड उचलला आणि पदरानं पुसला. बर्वे म्हणाले, "हा तुमचाच कशावरून?"

"साहेब, तुमी तुमची टोपी वलखता ना?"

बर्वेंनी नकळत टोपी चाचपली.

०

त्यानंतर पट्ट्यावर दगड ठेवायचा नाही अशी बर्वेसाहेबांनी सक्त ताकीद दिली. रांग परत माणसांची झाली, म्हणजे होती तेवढीच राहिली. वर एक नवी कटकट. पट्ट्यावर एकाचं सामान कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं तेच कळेना. मला काय, येईल ते ओढायचं आणि बिल करायचं.

त्यात ठकूबाईच्या पिशवीत दाढीची पाती गेली आणि तिच्या मागच्या सुपरवायझरच्या पिशवीत तिच्या हिरव्या बांगड्यांचा जोड. बिचारा घरी गेला, बायकोनं पिशवी उपसली. बांगड्या बघून ती खूश झाली. पण त्या तिच्या हातात जाईनात, आणि मग विचारायला लागली की नक्की कुणाच्या मापानं आणल्या. तो दुसऱ्या दिवशी तिलाच घेऊन भांडारात आला, आमची साक्ष काढायला.

ठकूबाईनं पाती परत केली, बांगड्या घेतल्या, त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नवरा बरा हाय तुजा. पट्टा वायट हाय."

मग आपलं सामान पट्ट्यावर मांडलं. आणि त्याच्या मागे, बर्वेसाहेबांच्या नाकावर टिच्चून, कमरेचा काळा दगड काढून ठेवला.

बर्वे ओरडले, "दगड नको सांगितलं ना!"

"माझं इथं सपलं. या दगडाच्या मागल्या सामानाला पोरीनं हात लावायचा नाय."

पट्टा चालला. सामान आलं, दगड आला, मी थांबले. मागच्याचं सामान जिथल्या तिथं. बर्वेसाहेब ओरडायला उघडलेलं तोंड मिटायचं विसरले. म्हात्रे एवढंच म्हणाला, "आता मना कोनी भातवाला म्हनू नका."

०

आठवड्याभरात भांडाराचा कारभार बदलला. सामान मांडायचं, मागे आपला दगड ठेवायचा आणि खिडकीबाहेरच्या चिंचेखाली डबा खायला जायचं. ज्याची पाळी येईल त्याला मी खिडकीतून हाक मारायची. नावं घ्यायला कुठं वेळ? दगडांनाच नावं पडली. "टकल्या!" म्हटलं की गुळगुळीत गोट्याचा मालक हात धुवत यायचा. "तुटका कान!" म्हटलं की युनियनचे सेक्रेटरी उठायचे. भोंगा व्हायच्या आत सगळे मोकळे, आणि पोटही भरलेलं.

दिवाळीच्या तोंडावर मोठे साहेब आले, ऐन सुट्टीत. सोबत सायकल स्टँडचा नकाशा धरलेला एक माणूस. गाडीतून उतरले, दारात आले, आत बघितलं. भांडारात मी, बर्वेसाहेब, आणि पट्टाभर सामान न् दगड. रांगेत एकही माणूस नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. "गिऱ्हाईकच नाही? मग चालू कशाला ठेवलंय?"

बर्वेसाहेब उत्तर द्यायला गेले आणि त्यांना उचकी लागली. साहेबांनी नकाशावाल्याला खूण केली. तो टेप काढून माझ्या खुर्चीमागची भिंत मोजायला लागला. माझ्या खुर्चीमागची!  मी मग रोज करायचे तेच केलं. खिडकीतून ओरडले, "चपटा काळा!"

चिंचेखालून ठकूबाई उठली.

"टकल्या! तुटका कान! विटेचा तुकडा! दोन खड्डे!"

एकेक करत अख्खी सावली उठून उभी राहिली. नकाशावाल्याचा टेप खटकन आत गेला. साहेब कधी पट्ट्याकडे बघत, कधी चिंचेकडे. मग त्यांनी फळीवरची साबणाची वडी उचलली, माझ्याकडे आले आणि हात पुढे केला. "एवढी एकच आहे."

ठकूबाई मध्ये आली. "तुजा दगड कुठं हाय?"

बर्वेसाहेबांनी डोळे मिटले. साहेब बाहेर गेले. सुटाबुटातला माणूस पायरीशी वाकून दगड निवडत होता. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला, रुमालानं पुसला. आत येऊन पट्ट्याच्या शेवटी वडी ठेवली, मागे दगड ठेवला आणि जाऊन ठकूबाईच्या जागेवर चिंचेखाली बसले.

बर्वेसाहेब मागोमाग धावले. छत्री हातात, उचकी चालूच. "साहेब, ते सायकल स्टँडचं..."

साहेबांनी मान वळवली नाही. खिडकीतून पट्टा दिसत होता.

"सायकली लावा हो कुठंही. तो बघा, माझा दगड सरकला."